६,५१४ खिडक्या आणि ८,७६० तास: एम्पायर स्टेट बिल्डिंगची दुसरी गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या एपिसोडचा मजकूर इथे देतोय. बोलताना फोडलेले काही फाटे छाटलेत, काही मुद्दाम ठेवलेत.

आजची गोष्ट न्यूयॉर्कची आहे. साल २०१०. एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या पाचव्या मजल्यावर, भर ऑफिसांच्या गर्दीत, चक्क एक छोटा कारखाना थाटला होता. रात्री कामगार वेगवेगळ्या मजल्यांवरच्या खिडक्यांची तावदानं काढून इथे आणायचे. दोन काचांची जोडी सुटी करायची, स्वच्छ धुवायची, मध्ये एक पातळ पारदर्शक फिल्म ताणून बसवायची, पोकळीत गॅस भरायचा, पुन्हा सील करायचं आणि तावदान आपल्या मूळ जागी नेऊन लावायचं. असं एक-दोन नाही, ६,५१४ खिडक्यांचं केलं. काच जवळपास सगळी जुनीच वापरली, ९६ टक्क्यांच्या आसपास.

आता तुम्ही म्हणाल, एवढी श्रीमंत बिल्डिंग, नव्या कोऱ्या खिडक्या घ्यायला काय झालं? आणि खिडक्यांमागे लागण्यापेक्षा थेट एसीचा प्लांट नवा टाकला असता तर? याचं उत्तर त्याआधी आठ महिने चाललेल्या एका कामात आहे. त्या आठ महिन्यांत ही अख्खी बिल्डिंग कॉम्प्युटरमध्ये उभी केली होती आणि पुन्हा पुन्हा 'चालवून' बघितली होती. आपला आजचा विषय तोच. उभ्या असलेल्या जुन्या इमारतीचं डिजिटल मॉडेल बनवून तिचं वीजबिल आणि धूर कसा कमी करतात, आणि ही कल्पना आली कुठून.

बिल्डिंगची पहिली गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते, म्हणून ती पटकन उरकतो. १७ मार्च १९३० ला काम सुरू झालं, १ मे १९३१ ला उद्घाटन. ४१० दिवसांत १०२ मजले! आराखडा श्रीव्ह, लॅम्ब अँड हार्मन या फर्मचा. राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी वॉशिंग्टनमध्ये बसून बटण दाबलं आणि इकडे दिवे लागले. पण काळ महामंदीचा. जागा भाड्याने जाईनात, लोक तिला 'एम्प्टी स्टेट बिल्डिंग' म्हणायला लागले. १९४५ मध्ये धुक्यात एक बी-२५ बॉम्बर विमान येऊन धडकलं, १४ माणसं गेली, बिल्डिंग उभी राहिली. किंग काँग तुम्ही बघितलाच असेल.

आपल्याला लागणारी माहिती वेगळी आहे आणि ती कुठल्याच पोस्टकार्डवर नसते. बांधली तेव्हा या बिल्डिंगमध्ये सेंट्रल एसी नव्हता. थंडीत ऊब देण्यासाठी खिडकीखाली रेडिएटर होते, म्हणजे वाफेने तापणाऱ्या लोखंडी जाळ्या. वाफ येते रस्त्याखालून. आपल्याकडे पाण्याची लाइन असते ना, तशी मॅनहॅटनमध्ये वाफेची लाइन आहे. हे रेडिएटर बाहेरच्या भिंतीला चिकटून बसलेले. म्हणजे वाफेचे पैसे भरायचे, आणि त्यातली बरीचशी ऊब भिंतीतून थेट फिफ्थ ॲव्हेन्यूला द्यायची. पुढे एसी आले, मग कॉम्प्युटर आले, झेरॉक्स मशीन आली. प्रत्येक पिढीने आपापली सिस्टिम आधीच्या सिस्टिमवर रचत नेली. २००८ पर्यंत वर्षाचं ऊर्जेचं बिल सुमारे १ कोटी १० लाख डॉलरवर गेलं होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. हे वाचल्यावर मला ऑफिसातला जुना कोड आठवला. वीस वर्षांत वीस जणांनी हात लावलेला, कुणालाच पूर्ण न कळणारा, आणि तरीही रोज चालणारा. अशा कोडपुढे नव्या पोराची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: सगळं फेकून देऊ, पहिल्यापासून लिहू. बिल्डिंगच्या बाबतीत याच प्रतिक्रियेला आपण रीडेव्हलपमेंट म्हणतो.

इथे जरा मागे जाऊया, कारण या मॉडेलचा इतिहास बिल्डिंगच्या इतिहासाइतकाच भारी आहे.

१९६० चं दशक. अमेरिका आणि सोव्हिएत युनियनचं शीतयुद्ध. अमेरिकेत अणुबॉम्बपासून वाचण्यासाठी तळघरात आसरे तयार करत होते. प्रश्न असा पडला की, एका बंद तळघरात एवढी माणसं दिवसेंदिवस कोंडली, तर आत उकाडा किती होईल? माणूस म्हणजे चालताबोलता हीटरच. शांत बसलेला माणूससुद्धा साधारण १०० वॉटच्या बल्बएवढी उष्णता सोडत असतो. हे हाताने मोजणं अवघड, म्हणून त्यासाठी कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहिले गेले. मग तेच डोकं अमेरिकेच्या टपाल खात्याने आपल्या पोस्ट ऑफिसच्या इमारतींसाठी वापरून घेतलं. बॉम्बच्या भीतीतून निघालेला हिशोब पोस्टाच्या वीजबिलापर्यंत पोचला!

तोपर्यंत हा थोड्या इंजिनिअरांचा उद्योग होता. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि चित्र पालटलं. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि अमेरिकन सरकारला पहिल्यांदा जाणवलं की आपल्या इमारतीसुद्धा तेल पितात. सरकारी पैसा या प्रोग्रॅमांकडे वळला. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कॅल-एर्डा नावाच्या प्रोग्रॅमपासून पुढे डीओई-२ तयार झाला. लष्कराच्या संशोधन केंद्राने स्वतःचा ब्लास्ट बनवला. २००१ मध्ये या दोघांतलं चांगलं ते घेऊन एनर्जीप्लस आला. तो आजही फुकट मिळतो, सोर्स कोडसकट. एम्पायर स्टेटसाठी वापरला तो ई-क्वेस्ट नावाचा प्रोग्रॅम. बाहेरून माउसने क्लिक करायचे स्क्रीन, पण पोटात तोच जुना डीओई-२, फोर्ट्रान भाषेत लिहिलेला. ऐंशीच्या घरातल्या बिल्डिंगला समजून घ्यायला सत्तरच्या दशकातला कोड. मला यात जरा जास्तच आनंद झाला, मान्य आहे.

दुसऱ्या बाजूने, नकाशे काढणाऱ्यांच्या जगात वेगळीच खटपट चालली होती. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात चक ईस्टमन हे प्राध्यापक १९७५ च्या सुमारास सांगत होते की, इमारतीचं चित्र काढणं बंद करा, तिची माहिती साठवा. कागदावर भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. ती कशाची आहे, किती जाड आहे, तिच्यात खिडकी कुठे आहे, हे रेघांना माहीत नसतं. कॉम्प्युटरमधली भिंत मात्र 'मी भिंत आहे' हे जाणून असायला हवी. याचंच पुढे बिम झालं, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. आर्कीकॅड, रेव्हिट ही नावं सिव्हिलवाल्या मित्रांकडून ऐकली असतील, ती याच घराण्यातली. बिम सांगतं, बिल्डिंग कशाची बनली आहे. ऊर्जेचं मॉडेल सांगतं, ती कशी वागते. आज हे दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळत चाललेत.

वागते म्हणजे काय? वर्षात ८,७६० तास असतात. मॉडेल अक्षरशः प्रत्येक तास घेतं. १२ जुलै, दुपारी ३: सूर्य कुठे आहे, शेजारच्या टॉवरची सावली कुठे पडली आहे, बाहेर तापमान किती, काचेतून किती ऊन आत आलं, भिंत सकाळपासून किती तापली आहे, आत किती माणसं, किती दिवे, किती कॉम्प्युटर चालू. सगळी बेरीज-वजाबाकी करून उत्तर काढतं की या तासाला किती थंडावा लागेल आणि त्यासाठी किती वीज. मग ४ वाजताचा तास. मग ५. हवामानाची फाइल त्या त्या शहराची मिळते. अशी ८,७६० वेळा बेरीज झाली की एक वर्ष संपलं. मग एकच गोष्ट बदलायची, समजा खिडकी, आणि पुन्हा अख्खं वर्ष पळवायचं.

पण उभ्या इमारतीच्या मॉडेलला एक परीक्षा द्यावी लागते, जी नव्या इमारतीच्या मॉडेलला नसते. तिची खरी बिलं हातात असतात. मॉडेलने काढलेलं बिल आणि मीटरने काढलेलं बिल जुळेपर्यंत मॉडेल दुरुस्त करत बसायचं, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. माझ्या मते या सगळ्या धंद्यातली ही सगळ्यात प्रामाणिक पायरी आहे. नव्या टॉवरच्या ब्रोशरमध्ये 'ग्रीन' लिहायला कुणाच्या बापाचं काय जातं, त्याला अजून बिलच आलेलं नसतं.

तर, २००८. बिल्डिंगचा कारभार बघणारे अँथनी मॅल्किन यांनी तिच्या डागडुजीचा ५० कोटी डॉलरपेक्षा मोठा कार्यक्रम आधीच ठरवला होता. त्यात ऊर्जेचा विचार नीट घालायचा म्हणून एक टीम जमली. क्लिंटन क्लायमेट इनिशिएटिव्ह, जॉन्सन कंट्रोल्स, जोन्स लँग लासाल आणि रॉकी माउंटन इन्स्टिट्यूट. शेवटची संस्था ॲमरी लव्हिन्स यांची. १९७० च्या दशकापासून हा माणूस एकच सांगतोय: लोकांना वीज नको असते, लोकांना थंडगार खोली आणि गरम पाणी हवं असतं. ते कमी विजेत देता आलं तर देत का नाही?

टीमने ६० हून जास्त कल्पना गोळा केल्या आणि मॉडेलमध्ये घालायला सुरुवात केली. आता इथे जरा लक्ष देऊन वाचा, कारण गोष्टीचा गाभा हाच आहे.

एम्पायर स्टेटचे चिलर जुने झाले होते. चिलर म्हणजे सेंट्रल एसीसाठी पाणी थंड करणारी अवाढव्य यंत्रं. सरधोपट मार्ग कोणता? नवे चिलर आणा. नवीन यंत्र कमी वीज खातं, बिल कमी होतं, पेपरात फोटो येतो. बहुतेक बिल्डिंगांत हेच होतं. चिलरवाला येतो, तो चिलर विकतो. खिडकीवाला येतो, तो खिडकी विकतो. दिवेवाला एलईडी विकतो. प्रत्येक जण आपल्यापुरता खरंच बोलत असतो.

मॉडेलला मात्र कुठलीच वस्तू विकायची नव्हती. त्याने क्रम दाखवला. आधी खिडक्या सुधारा, मग बाहेरचं ऊन आणि थंडी आत कमी येईल. रेडिएटरच्या मागे उष्णता परतवणारा इन्सुलेशनचा पत्रा घाला, मग ऊब रस्त्यावर जाणार नाही. दिवे कमी विजेचे लावा आणि उजेड असेल तेव्हा आपोआप मंद होऊ द्या. दिवा कमी वीज खातो, म्हणजे कमी तापतोसुद्धा, म्हणजे त्याला थंड करायला लागणारी एसीची वीजही वाचते. खोलीत माणसं किती आहेत ते बघून बाहेरची हवा आत घ्या. हे सगळं झाल्यावर एसीचा हिशोब पुन्हा करा.

तो केला, तेव्हा थंडाव्याची गरज साधारण एक तृतीयांश कमी झालेली दिसली. आकड्यात १,६०० टन. हा टन म्हणजे आपल्या दीड टनाच्या एसीतलाच टन. एसी येण्याआधी लोक बर्फाच्या लाद्या वापरायचे, तेव्हाचं हे माप: एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढा थंडावा देईल तेवढा. १,६०० टन म्हणजे आपल्या घरातले दीड टनाचे हजाराहून जास्त एसी एकदम बंद केल्यासारखं. एवढी गरज गेल्यावर नवे चिलर घ्यायचीच गरज उरली नाही. जुन्याच चिलरांची आतली कामं करून ते पुन्हा चालवता आले. त्यामुळे नव्या प्लांटसाठी धरलेले १ कोटी ७० लाख डॉलरहून जास्त वाचले.

आता ६,५१४ खिडक्यांचं कोडं सुटतं का बघा. खिडक्यांचा खर्च फक्त खिडक्यांनी वाचवलेल्या विजेतून भरून काढायला गेलं, तर वर्षानुवर्षं लागतील. कुठलाही अकाउंटंट तो प्रस्ताव फेकून देईल. पण त्याच खिडक्यांमुळे तळातला चिलर वाचतो, हे एकदा दिसलं की हिशोब उलटा होतो. खिडकीचा फायदा खिडकीच्या खात्यात दिसतच नव्हता, तो दुसऱ्याच खात्यात जमा होत होता. हे कागदावर दिसत नाही. बिल्डिंग एकसंध चालवून बघितली तरच दिसतं.

६० कल्पनांतून शेवटी ८ उरल्या. त्यांनी मिळून ऊर्जेचा वापर ३८ टक्के कमी व्हायचा होता. वर्षाला सुमारे ४४ लाख डॉलरची बचत, आणि ठरलेल्या डागडुजीच्या वर जादा खर्च फक्त १ कोटी ३२ लाख डॉलर. म्हणजे तीन वर्षांत वसूल. १५ वर्षांत १ लाख ५ हजार टन कार्बन डायऑक्साइड कमी. हा टन वजनाचा बरं का, बर्फाचा नाही.

३८ च का? ५० का नाही? याचंही उत्तर मॉडेलनेच दिलं, आणि मला ते जास्त आवडतं, कारण ते गोड नाही. एका बाजूला पैसा आणि दुसऱ्या बाजूला कार्बन, असा आलेख काढला. सुरुवातीला दोन्ही हातात हात घालून चालतात. मग एक जागा अशी येते की त्यापुढे प्रत्येक टन कार्बन वाचवणं झपाट्याने महाग होत जातं. मालकाने जास्तीत जास्त नफ्याचा पर्याय घेतला नाही आणि जास्तीत जास्त कार्बन वाचवणाराही घेतला नाही, मधला घेतला. तुम्हाला हा भित्रेपणा वाटू शकतो. पण निदान ती रेघ कुठे आहे हे सगळ्यांना दिसत होतं. आपल्याकडे 'पर्यावरणपूरक' हा शब्द ज्या सैलपणे वापरतात, त्यापेक्षा ही रेघ कधीही बरी.

६ एप्रिल २००९ ला घोषणा झाली. बिल क्लिंटन आले, महापौर ब्लूमबर्ग आले, भाषणं झाली. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो करार. जॉन्सन कंट्रोल्सने आपल्या वाट्याच्या सुमारे २ कोटी डॉलरच्या कामाची हमी दिली: बचत कमी पडली, तर फरक आम्ही भरू. कुणी मॉडेलच्या भरवशावर स्वतःचा खिसा पणाला लावतोय का, हे बघणं हीच मॉडेलची किंमत ओळखायची खरी पद्धत आहे. २०११ हे पहिलं वर्ष. बचत २४ लाख डॉलर, हमीपेक्षा ५ टक्के जास्त. ४४ लाखांपेक्षा हे कमी का, तर सगळी कामं तोवर झालीच नव्हती.

का झाली नव्हती, तर भाडेकरू. अपेक्षित बचतीतली निम्म्याहून जास्त बचत भाडेकरूंच्या जागेत होती. त्यांचे दिवे, त्यांचे कॉम्प्युटर, त्यांच्या सवयी. मालक चिलर बदलू शकतो. चाळिसाव्या मजल्यावरच्या वकिलाला रात्री दिवे बंद करायला कसं लावणार? त्यासाठी जुना करार संपून नवा होताना अटी घालायच्या, आणि प्रत्येकाला त्याचा वापर स्क्रीनवर दाखवायचा. हे काम वर्षानुवर्षं चालतं. इथेच जगभरची मॉडेलं तोंडावर आपटतात. ब्रिटनमध्ये १९९५ पासून प्रोब नावाच्या अभ्यासांत वापरात असलेल्या इमारती तपासल्या, तेव्हा डिझाइनच्या वेळचे आकडे आणि प्रत्यक्ष वापर यांत मोठी तफावत निघाली. माणसं खिडकी उघडी ठेवून एसी लावतात. याला अजून कुठलंही सॉफ्टवेअर पुरून उरलेलं नाही.

न्यूयॉर्कपुरतं पुढे काय झालं ते सांगतो. २०१९ मध्ये शहराने लोकल लॉ ९७ हा कायदा केला. २५ हजार चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींना कार्बनची मर्यादा, २०२४ पासून लागू, २०३० मध्ये आणखी कडक, ओलांडली तर दंड. शहराच्या एकूण उत्सर्जनातला साधारण दोन तृतीयांश वाटा इमारतींचा असल्यावर दुसरा मार्गही नव्हता. आणि त्या इमारतींपैकी बहुतेक आधीच उभ्या आहेत. नव्या बांधून हा प्रश्न सुटत नाही.

मग आपल्याकडे काय? मुंबईत याच काळातलं एक उदाहरण आहे. फोर्टमधलं गोदरेज भवन, १९७२ चं. २०१० मध्ये त्याचं रेट्रोफिट झालं, एसीची यंत्रणा आणि दिवे बदलले. हैदराबादची ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया आणि नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल यांनी त्यावर सविस्तर अहवाल केला. पण हा ऑफिसचा मामला, मालक एक, निर्णय एक. कायद्यांचं बघाल तर २००७ ची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता असो की घरांसाठीची २०१८ ची इको-निवास संहिता, दोन्हींचा रोख मुख्यतः नव्या बांधकामावर आहे.

आपल्या सोसायट्यांची गोष्ट निराळी आहे. पुण्यात किंवा ठाण्यात पन्नाशीही न गाठलेली चार मजली बिल्डिंग पाडतात, तेव्हा तिच्यातलं सिमेंट आणि लोखंड बनवताना झालेला धूर फुकट जातो आणि नव्यासाठी पुन्हा तेवढाच, खरं तर कितीतरी जास्त होतो. जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये एकट्या सिमेंटचा वाटा ७-८ टक्क्यांच्या आसपास धरतात. तरीही मी सरसकट 'पाडू नका' म्हणणार नाही. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला इन्सुलेशनचं महत्त्व सांगायला जाणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. त्याला जागा हवी आहे, स्वतःचं संडास-बाथरूम हवं आहे. काही इमारती खरोखरच धोकादायक झालेल्या असतात. माझी तक्रार एवढीच की, ज्या बिल्डिंगा या दोन्हींत बसत नाहीत, त्यांच्या मीटिंगमध्ये दुसरा पर्याय टेबलावर येतच नाही. बिल्डरचं प्रेझेंटेशन येतं, थ्रीडी रेंडरसकट, पोडियमवरच्या झाडांसकट. उभ्या बिल्डिंगचं मॉडेल कुणी आणत नाही.

आणायला फार अवघडही राहिलेलं नाही. सगळ्यात मोठी अडचण असते ती नकाशांची. जुन्या सोसायटीचे नकाशे एक तर वाळवीने खाल्लेले, नाहीतर बांधकामाशी न जुळणारे. त्यावर उपाय १९९० च्या दशकात आला. मूळचे इराकमधल्या मोसुलचे इंजिनिअर बेन कसायरा यांनी कॅलिफोर्नियात असा लेझर स्कॅनर बनवून घेतला, जो इमारतीवर किरण मारून लाखो बिंदूंची जागा टिपतो. त्या बिंदूंवरून मॉडेल उभं करायचं. आता महागड्या काही फोनमध्येसुद्धा छोटा लायडार असतो. खोलीभर फिरवला की खोलीचा कच्चा आराखडा तयार.

मी आमच्या घरावर हा प्रयोग केला. सर्वात वरचा मजला, मे महिना, तुम्हाला कल्पना असेल. बाबांचं ठाम मत होतं की सगळा ताप पश्चिमेच्या खिडकीचा, आणि तिथे जाड पडदे लावले की झालं. एनर्जीप्लसमध्ये मुंबईच्या हवामानाची फाइल घालून आमचा फ्लॅट चालवला, तर सगळ्यात मोठा वाटा निघाला छपराच्या स्लॅबचा. दिवसभर तापायचं आणि रात्री आम्ही झोपायला आलो की ते सगळं खाली सोडायचं. बाबा स्क्रीनकडे बघून म्हणाले, "हे मशीन कधी आपल्या घरी झोपलंय का?" प्रश्न बिनतोड होता. मग एक थर्मामीटर छताला आणि एक खिडकीजवळ असे आठवडाभर टांगून ठेवले. तेव्हापासून ते पडद्यांचा विषय काढत नाहीत.

एम्पायर स्टेटमधली एक गोष्ट मात्र आमच्या सोसायटीला जशीच्या तशी लागू होते. तिथे तीन वर्षांत पैसे वसूल व्हायचे, कारण डागडुजी तशीही होणारच होती, वरचा खर्च तेवढाच जादा. आमच्याकडे यंदा गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालंय. त्याच वेळी खाली इन्सुलेशन आणि वर ऊन परतवणारा पांढरा थर टाकला, तर जादा खर्च थोडा. दोन वर्षांनी पुन्हा गच्ची उकरायची म्हटली, तर सेक्रेटरी काका मला गेटमधूनच परत पाठवतील.

मीटिंग पुढच्या रविवारी आहे. मॉडेल जुळवायला कॉमन मीटरची बारा महिन्यांची लाइट बिलं हवीत, म्हणून काकांकडे मागितली आहेत. आत्तापर्यंत सात सापडलीत, त्यातलं एक गणपतीच्या वर्गणीच्या पावत्यांमध्ये होतं.